बाळंतपणातला रक्तस्राव : बेळगाव ते आफ्रिका

■ धोका : बाळंतपणानंतर ५०० मिलिलिटर किंवा अधिक रक्त गेले, तर तो अतिरक्तस्राव. मातामृत्यूंचे हे जगभरातले एक प्रमुख कारण आहे.

■ बेळगाव : येथील जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि अमेरिकी विद्यापीठांनी मिळून ग्रामीण भागातील १,६२० महिलांवर रक्तस्राव रोखण्यासाठीच्या मिसोप्रोस्टॉल गोळ्यांची चाचणी घेतली. बाळंतपणे नर्सबाईंनीच केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मिसोप्रोस्टॉल न मिळालेल्या गटात अतिरक्तस्राव १२ टक्के होता, तर मिळालेल्या गटात ६.४ टक्के.

■ मोजमाप : रक्त अंदाजाने नव्हे, खुणा असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मोजले गेले. ही पिशवी याच संशोधनासाठी बनवली होती.

■ आफ्रिका, २०२३ : बर्मिंगहॅम विद्यापीठ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने केनिया, नायजेरिया, टांझानिया व दक्षिण आफ्रिकेतील ८० रुग्णालयांत अभ्यास झाला. अशाच पिशवीने रक्तस्राव लवकर ओळखायचा आणि गर्भाशयाचे मालीश, औषधे, सलाईन व तपासणी एकदमच सुरू करायची, ही पद्धत. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्यातून मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ही पद्धत वापरलेल्या रुग्णालयांत १.६ टक्के राहिले; नेहमीच्या उपचारांत ते ४.३ टक्के होते.

■ पुढे : पद्धत सिद्ध झाली आहे. आता ती प्रत्येक प्रसूतिकक्षात पोहोचलीच पाहिजे.