पाणवठा गळतो की आटतो?

गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्य २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. उन्हाळ्यात तेथील नाले आटू लागतात, म्हणून वन्यजीवांसाठी कृत्रिम पाणवठे, म्हणजे जमिनीलगत बांधलेल्या सिमेंटच्या उथळ टाक्या, सौरपंपाने किंवा टँकरने भरले जातात.

अशा टाक्यांत शेवाळही धरते. घरगुती जलतरण तलावात सामू, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचे व अल्कतेचे माप, ७.२ ते ७.८ दरम्यान राखून क्लोरीनने शेवाळ रोखता येते. पाणवठ्यातील पाणी मात्र प्राणी पितात, त्यामुळे टाकी उपसून खराट्याने घासणे हाच तेथे योग्य उपाय ठरतो.

पातळी घटली की गळतीचा संशय येतो; परंतु विदर्भातील उन्हात बाष्पीभवनही मोठे असते. अशा वेळी पाण्याने भरलेली बादली टाकीतच, काठ पाण्यावर राहील अशी ठेवून, बादलीच्या आतील व बाहेरील पातळीवर खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी दोन्हींतील घट ताडून पाहावी. मधल्या वेळेत प्राणी पाणी पिऊन गेले तर ही चाचणी फसते, हे ध्यानात ठेवावे. बाहेरची घट स्पष्टपणे अधिक असल्यास टाकी गळते आहे.

भेगेवर नुसता सिमेंटचा हात फिरवणे व्यर्थ होय. ती खोदून रुंद करावी, धूळ काढून ओली करावी, जलरोधक मिश्रण घातलेल्या सिमेंटने दाबून भरावी आणि काही दिवस ओलसर ठेवावी. तोवर जवळच पर्यायी पाणी असलेच पाहिजे.

टाकीची एक बाजू उतरती व खडबडीत असावी, अन्यथा लहान जीव आत पडून बुडतात.