दिवा विझवण्याचेही शास्त्र असते

मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून शहरी वाचकांना परिचित झाले. शेजारच्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळाही ‘डिजिटल शाळा’ म्हणून नावारूपाला आली. पुढे राज्यातील अनेक खेड्यांत लोकवर्गणीतून शाळांसाठी प्रोजेक्टर घेतले गेले. अशा ठिकाणी खरा प्रश्न असतो तो त्यातील दिवा टिकवण्याचा. तो हजारो रुपयांचा असतो. गेला की पुन्हा वर्गणी, आणि ती जमेपर्यंत पडदा कोरा!

हा दिवा साध्या बल्बप्रमाणे तारेवर जळत नाही. क्वार्ट्झच्या इवल्या कुपीत टंगस्टनच्या दोन टोकांमध्ये जेमतेम एक मिलिमीटरची फट असते. तेथे पाऱ्याच्या वाफेतून विजेची प्रखर ज्योत पेटलेली असते. आतील दाब वातावरणाच्या सुमारे दोनशे पट, तर कुपीचे तापमान हजार अंशांच्या आसपास. एकेकाळी श्रीमंत दिवाणखान्यांत मिरवणारे प्रोजेक्शन टीव्हीही याच जातीच्या दिव्यावर चालत. मित्सुबिशीने २०१२च्या अखेरीस त्यांचे उत्पादन थांबवले. शाळांतील दिवे मात्र मागे उरले.

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा वर्षातून किमान २०० दिवस भरते. रोज दोन तास वापर धरला, तर दोन हजार तासांचा दिवा पाच वर्षे पुरावा. प्रत्यक्षात तो आधीच का जातो? कारण त्याला तासांपेक्षा उष्णता आणि वारंवार पेटणे अधिक बाधते. दर वेळी पेटताना टंगस्टनची टोके झिजतात. म्हणून तासिकेत पंधरा-वीस मिनिटांचा खंड पडणार असेल, तर दिवा चालूच ठेवणे हिताचे.

सर्वांत घातक ठरते ती अचानक जाणारी वीज. दिवा विझतो, पण त्याबरोबर पंखाही थांबतो आणि तापलेली कुपी आतल्या आत होरपळते. यावर उपाय म्हणजे छोटा यूपीएस. तो धडा पूर्ण करण्यासाठी नव्हे, तर वीज जाताच प्रोजेक्टर बटणाने बंद करून पंखा आणखी काही मिनिटे फिरता ठेवण्यासाठी. वीज परतली तरी दिवा निवल्याशिवाय पुन्हा पेटवू नये.

उरलेली पथ्ये सोपी आहेत. खडूची भुकटी हवेची जाळी बुजवते; ती महिन्यातून एकदा स्वच्छ करावी. खिडक्यांना पडदे लावून कमी उजेडाचा ‘इको’ पर्याय निवडावा. नवा दिवा बसवताना काचेला बोट लावू नये; बोटांचा तेलकटपणा तापून क्वार्ट्झला डाग पाडतो.

मात्र दिव्याचे आयुष्य ताणण्यालाही मर्यादा आहे. मुदत संपल्याची सूचना आल्यावर दिवा न बदलता केवळ तासांची नोंद शून्यावर आणणे धोक्याचे. जुनी कुपी फुटू शकते आणि आत पारा असतो. तसे घडल्यास मुलांना त्वरित बाहेर न्यावे, खिडक्या उघडाव्यात. निकामी दिवाही कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनाकडेच द्यावा.

दिवा लावण्याचे कौतुक सर्वांनाच असते. तो नीट विझवणारा हात मात्र शाळेची वर्गणी वाचवतो.