ओट्यावर मावणारा संसार

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नियमित अपडेट थांबले, आणि वाचकांचा एकच प्रश्न येऊ लागला : विंडोज ११ न पेलणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर कोणते लिनक्स घालावे? पपी, टायनी कोअर की अँटीएक्स?

या कथेचे एक टोक जर्मनीत आहे. क्लाउस क्नॉपर यांचे क्नॉपिक्स २००० साली आले. सीडी घालायची आणि हार्ड डिस्कला हात न लावता काम सुरू! त्यातूनच जॉन अँड्र्यूज यांचे डॅम स्मॉल लिनक्स निघाले. अट एकच : सगळा पसारा ५० एमबीत, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाएवढ्या सीडीवर मावला पाहिजे. तो मावला, यात रॉबर्ट शिंगलडेकर यांचा मोठा वाटा होता. पुढे वेगळे होऊन त्यांनी टायनी कोअर उभे केले. खिडक्या आणि माउससकट ते आजही २५ एमबीच्या आत बसते. या माणसाचे नाव इतके कमी घेतले जाते, याची मला मनापासून खंत वाटते.

पपी ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांचे, २००३चे. नाव त्यांच्या चिमुकल्या कुत्र्याचे! ते कसे चालते, हे स्वयंपाकघरावरून समजा : हार्ड डिस्क म्हणजे माळा, रॅम म्हणजे ओटा. दर फोडणीला मोहरीसाठी माळ्यावर चढावे लागले तर स्वयंपाक कधी व्हायचा? पपी सुरू होतानाच सगळे डबे ओट्यावर मांडते. माळ्याची गरज पडते ती मुख्यतः काम जपून ठेवायला. म्हणून जुनी हार्ड डिस्क असूनही ते चपळ वाटते.

पण ‘जुना संगणक नव्यासारखा पळेल’ या जाहिरातबाजीवर विश्वास ठेवू नका. सिस्टीम कितीही हलकी असो, ब्राउझर तोच आणि तेवढाच जड. चार पाने उघडली की ओटा भरलाच. याचेच उदाहरण म्हणजे मध्यंतरी थंडावलेले डॅम स्मॉल लिनक्स : २०२४ मध्ये ते परतले ते अँटीएक्सचा आधार घेऊन. ५० एमबीची मर्यादा ७००वर गेली होती.

माझे मत स्पष्ट आहे. रॅम ४ जीबी असेल तर अँटीएक्सचेच भावंड असलेले एमएक्स घ्या. एक-दोन जीबी असेल, तर अँटीएक्स. ३२-बिट यंत्रांसाठी अँटीएक्स २३ची आवृत्ती आहे. अँटीएक्स ज्यावर बेतलेले आहे, त्या डेबियनच्या १३व्या आवृत्तीने मात्र अशा यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली. टायनी कोअर शिकायला अप्रतिम, पण घरातल्या सगळ्यांच्या रोजच्या वापराला नको.

काहीही बसवण्याआधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत काढा. मग पेन ड्राइव्हवरून दोन दिवस चालवून वाय-फाय, आवाज आणि मराठी टायपिंग तपासा.