डाव्या पायाखालचा बोरघाट

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते ती वड्यासाठी, असं प्रवाशांना मनापासून वाटतं. खरं कारण गाडीच्या शेपटीला असतं. तिथे जादा इंजिनं जोडली जातात, कारण पुढे बोरघाट आहे: ३७ फुटांमागे १ फूट चढ, १८६३ पासून. रेल्वेला मागून ढकलणारं कोणीतरी आहे. खोपोलीतून दीड टन तांदूळ भरून घाटाला लागलेल्या पिकअपला कोण आहे? बोटाएवढ्याही जाडीची नसलेली एक क्लच प्लेट.

आणि ती घाट चढताना झिजत नाही! पेडल पूर्ण सुटलं की फ्लायव्हील, प्लेट आणि प्रेशर प्लेट एकजीव फिरतात, घासाघीस शून्य. गाडी न थांबता थेट खंडाळ्यात पोचली तर प्लेटला घाट कळतही नाही. झीज होते गाडी उठताना. पुढचा कंटेनर वळणावर अडकतो, आपण हँडब्रेक ओढायचा आळस करतो आणि गाडी हाफ क्लचवर तोलून धरतो. जळका वास येतो तो तेव्हा. बाजूच्या गाडीचा असेल, असं म्हणून आपण काच वर करतो.

दुसऱ्या गिअरवर गाडी उचलणाऱ्या शूरांसाठी थोडं गणित. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४ आणि दुसऱ्याचं सव्वादोन धरलं, तर सपाट रस्त्यावरही तेवढ्याच इंजिन-फेऱ्यांवर क्लचमध्ये साधारण तिप्पट उष्णता तयार होते. चढावर हिशोब आणखी बिघडतो. पहिला गिअर कंपनीने शोभेसाठी दिलेला नाही.

याहून भारी गोष्ट उताराची आहे. गिअर पडलेला आणि क्लच दाबलेला असेल, तर प्लेट किती वेगाने फिरायची हे इंजिन नाही, चाकं ठरवतात. ताशी ६० च्या वेगात चुकून पहिला गिअर पडला आणि पाय क्लचवरच राहिला, तर पिकअपची प्लेट मिनिटाला सात हजारांच्या वर फेऱ्या मारू शकते. डिझेल इंजिन स्वतःहून त्याच्या जवळपासही जात नाही. अशा वेळी प्लेटवरचं कच्चं लायनिंग तुकडे होऊन उडतं. म्हणून चांगले उत्पादक लायनिंग फुटेपर्यंत फिरवून तपासतात. जुन्या प्लेटला रिबिट मारून नवं लायनिंग बसवून मिळतं, स्वस्तही पडतं; पण घाटात उतरणाऱ्या गाडीला मी ते बसवणार नाही.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कित्येक मोटारींच्या क्लचला चक्क चामडं असे. ते कडक होऊ नये म्हणून त्याला तेल पाजत. आज उलटा मामला आहे: प्लेटला इंजिन ऑइल लागलं की ती घसरायला लागते. त्यामुळे गिअरबॉक्स खाली आला असताना क्रँकचं मागचं ऑइल सील बघून घ्या. ते पाझरत असेल तर नवी प्लेटही जुनीच्याच वाटेने जाणार. जुन्या प्लेटांमध्ये ॲस्बेस्टॉसही असे, म्हणून आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची.

आता खरेदी. काउंटरवर 'बोलेरो पिकअपचा क्लच द्या' एवढं सांगून भागत नाही. एकाच नावाच्या गाडीत इंजिन बदलतं, बीएस-४ चं बीएस-६ होतं, प्लेटचा व्यास बदलतो, मधल्या दात्यांची संख्या बदलते. चासी नंबर आणि जुनी प्लेट दोन्ही घेऊन जा. दाते जुळले नाहीत तर प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर चढणारच नाही, आणि हे कळतं ते गाडी आडवी पडल्यावर.

प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेटच घ्या. 'प्रेशर चांगलं आहे, फक्त प्लेट टाकू' हा सल्ला प्रेमळ असला तरी महागात पडतो. मोठं काम गिअरबॉक्स उतरवण्याचं असतं, आणि दोन महिन्यांनी बेअरिंग ओरडायला लागलं की ते पुन्हा करावं लागतं. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चिरा दिसल्या तर तेही दाखवून घ्या.

मग येतो 'हेवी ड्युटी'चा मोह. सिरॅमिक बटणांची प्लेट उष्णता सोसते हे खरं, ट्रॅक्टरमध्ये ती शोभतेही. पण ती हळूच धरत नाही, एकदम चावते. कडावच्या कच्च्या रस्त्यावर फार्महाउसच्या विटा रिव्हर्समध्ये इंच इंच मागे न्यायच्या असतील, तर गाडी उड्या मारेल आणि धक्के गिअरबॉक्स खाईल. जड स्प्रिंगची प्रेशर प्लेट घेतली तर पेडल जड होतं, शिवाय पेडल दाबताना तो जोर क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो. खालापूर टोलच्या रांगेत पाय दाबून बसणाऱ्यांनी हे विशेष वाचावं. न्यूट्रल नावाची सोय फुकट आहे. माझं मत सरळ आहे: कर्जतहून वाशीला भाजी नेणारा असो की खोपोलीहून घाट चढणारा, गाडी पासिंगएवढाच माल भरत असेल तर कंपनीच्या मापाचा ओरिजिनल सेट पुरतो. जास्त भरत असाल तर दोष क्लचचा नाही.

सेट घेण्याआधी एवढं मात्र तपासा. गिअर पडत नसेल तर मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडर गळत असेल. प्लेट निर्दोष असू शकते. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीची प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, तेव्हाही लक्षण तेच. क्लच घसरतोय का ते बघायचं तर मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक घट्ट ओढा, वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच धरतोय. ही परीक्षा एकदाच घ्या, दहादा घेतली तर तिनेच प्लेट जळेल.

जुन्या रस्त्याने जाणारे ड्रायव्हर बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकतात. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर तो, अशी आख्यायिका आहे. नाणं जरूर टाका. फक्त नवा सेट बसवल्यावर पहिले पाचशे किलोमीटर हलका माल भरा आणि घाट टाळता आला तर टाळा. लायनिंग फ्लायव्हीलवर नीट बसायला तेवढी धाव लागते.