‘दिल्ली’ या शब्दाची लांबी

नवी दिल्लीतील केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान विभागाने २०१५ साली मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरला अग्रक्रम देण्याचे धोरण जाहीर केले. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल हे अशा वर्गातील दोन प्रसिद्ध डेटाबेस होत. दोहोंची भाषा एसक्यूएलच. मग एकाच्या जागी दुसरा बसविल्यास काय बिघडेल?

समजा, एका नोंदीत ‘दिल्ली’ हा शब्द यूटीएफ-८ या संकेतपद्धतीने साठविलेला आहे. त्याची लांबी विचारण्यासाठी दोन्हीकडे ‘लेंग्थ’ नावाचेच फंक्शन आहे. पोस्टग्रेस ६ असे उत्तर देतो, मायएसक्यूएल १८! चुकले कोणीच नाही. द, ऱ्हस्व वेलांटी, ल, हलन्तचिन्ह, ल आणि दीर्घ वेलांटी अशी या शब्दाची सहा चिन्हे असून प्रत्येकास तीन बाइट लागतात. पहिला चिन्हे मोजतो, दुसरा बाइट. (शाळकरी मुलगा दोनच अक्षरे मोजील, ती गोष्ट निराळी.) हेच नाव रोमन लिपीत लिहिल्यास मात्र दोन्हीकडे ५ हेच उत्तर येते. म्हणून केवळ रोमन नावांवर घेतलेली चाचणी निर्वेध पार पडते आणि पुढे, पंधरा चिन्हांची मर्यादा असलेल्या नोंदीत, ‘दिल्ली’ हे गावच लांब ठरून नाकारले जाते. कोठेही दोषाची सूचना मिळत नाही, हीच यातील खरी भीती.

या अडचणीवर जँगो या पायथन भाषेतील साधनाने योजलेली युक्ती पाहण्यासारखी आहे. प्रोग्रामर ‘लांबी’ एवढेच सांगतो. त्याचे म्हणणे तयार वाक्य म्हणून न ठेवता वृक्षाच्या रूपात ठेवले जाते: फांदीवर फंक्शन, तिच्या टोकाला स्तंभाचे नाव. प्रश्न पाठविण्याच्या क्षणी, समोर कोणता डेटाबेस आहे हे पाहून, या वृक्षाचे एसक्यूएल वाक्य केले जाते. त्या डेटाबेससाठी खास रीत लिहिलेली असल्यास ती वापरावयाची, नसल्यास सर्वसाधारण. मायएसक्यूएलच्या खास रीतीत ‘लेंग्थ’ऐवजी चिन्हे मोजणारे ‘कॅर लेंग्थ’ घातले जाते, आणि तेथेही उत्तर ६ येते.

परंतु नाव बदलून नेहमीच भागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधील ‘लेन’ हे फंक्शन शब्दाअखेरची कोरी जागा मोजीतच नाही. ती मोजावयाची तर अखेरीस एक जादा चिन्ह जोडून लांबी काढावी लागते व उत्तरातून एक वजा करावा लागतो. अशा वेळी एका फांदीच्या जागी तीन फांद्या उभ्या राहतात.