मावशीकडे आत्ता किती वाजले?

माझ्या भाच्याचा दहावीचा निकाल लागला, त्या दिवशीची गोष्ट. निकाल दुपारी एक वाजता संगणकावर दिसणार होता. साडेबारापासून घरात सगळे श्वास रोखून बसलेले. एक वाजून पाच मिनिटांनी आकडा दिसला. ९१ टक्के! एकच गलका झाला. आजीने देवापुढे साखर ठेवली. आणि आमचे चिरंजीव? त्यांनी फोन उचलला आणि थेट न्यू जर्सीच्या मावशीला लावला.

पलीकडचा ‘हॅलो’ इतका घाबरलेला होता, की आम्ही सगळे गप्प झालो.

‘‘काय झालं रे? आई बरी आहे ना?’’

‘‘मावशी, मला ९१ टक्के मिळाले!’’

पलीकडे काही बोलणंच नाही. मग हुंदका ऐकू आला. भाच्याला वाटलं, हे आनंदाचे अश्रू. पण मुलांनो, ते आनंदाचे नव्हते. न्यू जर्सीत तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजून गेले होते. घरापासून हजारो मैल दूर राहणाऱ्या माणसाला अशा अवेळी घरचा फोन आला, की मनात एकच विचार येतो आणि तो चांगला नसतो. घंटा वाजल्यापासून फोन कानाला लावेपर्यंत माझ्या बहिणीने आईबद्दल काय काय कल्पना केल्या असतील, कोण जाणे!

आता ऐका गंमत. भाच्याने हिशेब न करता फोन केला नव्हता बरं का! न्यू जर्सीत आणि आपल्यात साडेनऊ तासांचा फरक आहे, हे त्याला पाठ होतं. एक अधिक साडेनऊ म्हणजे रात्रीचे साडेदहा. ‘मावशी झोपायच्या आत सांगून टाकू’ असं ठरवून त्याने फोन लावला. आकडा बरोबर, चिन्ह चुकलं. वजाबाकीच्या जागी बेरीज! आणि हे सगळं रेखांश आणि वेळ हा धडा शाळेत शिकून झाल्यावर.

सूर्य आधी कुणाच्या दारात?

पाठांतर करण्यापेक्षा एकच प्रश्न विचारावा : सूर्य आधी कुणाच्या दारात येतो? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. त्यामुळे सूर्य आधी जपानमध्ये उगवतो, मग आपल्याकडे, मग दुबईत, मग लंडनमध्ये आणि त्यानंतर कितीतरी वेळाने न्यू जर्सीत. ज्याच्याकडे सूर्य आधी, त्याचं घड्याळ पुढे. भिंतीवरच्या नकाशात भारताच्या उजवीकडे जपान दिसतो ना? तिकडे बेरीज. टोकिओ आपल्या साडेतीन तास पुढे. डावीकडे वजाबाकी. दुबई आपल्या दीड तास मागे.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे तासाला १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटं. हे चार मिनिटांचं कोष्टक लक्षात ठेवा, कारण आता आपण मुंबईला जाणार आहोत.

मुंबईचं स्वतःचं घड्याळ

पूर्वी प्रत्येक मोठ्या गावाचं आपलं आपलं घड्याळ असे. सूर्य डोक्यावर आला की तिथले बारा वाजले. मुंबईची वेळ वेगळी, कलकत्त्याची वेगळी, मद्रासची वेगळी. बैलगाडीने प्रवास होता तोवर कुणाचं काही अडत नव्हतं. आगगाडी आली आणि पंचाईत झाली. वेळापत्रक छापायचं कुणाच्या घड्याळाप्रमाणे?

शेवटी १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली. त्यासाठी साडेब्याऐंशी अंशांचं रेखावृत्त निवडलं. ते उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जातं. ८२.५ ला ४ ने गुणा. आली ना ३३० मिनिटं? म्हणजे साडेपाच तास. शून्य रेखावृत्त लंडनजवळच्या ग्रिनिचमधून जातं. त्याच्या आपण साडेपाच तास पुढे. आपल्या हिशेबात तो अर्धा तास नेहमी लुडबुडतो, तो इथून आला. (आणि नेपाळचं काय विचारता! नेपाळची घड्याळं आपल्या पंधराच मिनिटं पुढे आहेत.)

मुंबई आहे ७२.८ अंशांवर. मिर्झापूरच्या रेषेपासून फरक ९.७ अंश. गुणिले ४, म्हणजे जवळजवळ ३९ मिनिटं. नव्या वेळेप्रमाणे मुंबईची घड्याळं ३९ मिनिटं पुढे करायची होती. वाचायला काहीच वाटत नाही. पण गिरणी कामगाराचा विचार करा. सकाळी सहाला कामावर यायचं, हा नियम तोच राहिला. घड्याळ मात्र पुढे सरकलं. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने त्याला पाच वाजून एकवीस मिनिटांनी हजर व्हायला हवं. जानेवारीतल्या अंधारात! कामगार चिडले. एका गिरणीत तर त्यांनी दगड मारून घड्याळच फोडलं.

नगरपालिकेनेही हट्ट सोडला नाही. तिची घड्याळं जुनी ‘मुंबई वेळ’ दाखवत राहिली. रेल्वेच्या घड्याळात बारा वाजले, तर पालिकेच्या घड्याळात अकरा वाजून एकवीस. तुमच्या पणजोबांना मुंबईत कुणी किती वाजले विचारलं असतं, तर त्यांनी आधी ‘कुठले?’ असं विचारलं असतं. हा प्रकार थोडाथोडका नाही, १९५५ पर्यंत चालला.

मला तरी त्या कामगारांचा राग पटतो. पण एकाच शहरात दोन वेळा सांभाळणं म्हणजे रोजच गाडी चुकायची धास्ती!

घड्याळ उलटं धरा

आता एक जादू. काट्यांचं मनगटी घड्याळ घ्या. मित्राला विचारा, ‘आत्ता लंडनमध्ये किती वाजले?’ तो बोटं मोजत बसेल. तुम्ही नुसतं घड्याळ उलटं धरा. १२ चा आकडा खाली, ६ चा वर. आकडे विसरा आणि फक्त काटे वाचा. आपल्याकडे दुपारचे दोन असतील तर उलट्या घड्याळात दिसतील साडेआठ. लंडनमध्ये सकाळचे साडेआठच वाजलेले असतात. छोटा काटा जरा मागे रेंगाळलेला दिसेल, तिकडे काणाडोळा करा. अर्धी फेरी मारताना छोटा काटा सहा तास सरकला आणि मोठा अर्धा तास. सहातून अर्धा गेला, उरले साडेपाच.

पण ही जादू चालते हिवाळ्यात. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधले लोक घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून हा खटाटोप. तेव्हा फरक उरतो साडेचार तासांचा. अमेरिकेतही असंच करतात, फक्त रविवार वेगळे : मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला. म्हणून न्यू जर्सीची मावशी उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते आणि थंडीत साडेदहा. सिडनीत कुणाचा दादा किंवा ताई असेल तर आणखी उलटं, कारण तिथला उन्हाळा डिसेंबरात. भारत, जपान, दुबई या भानगडीत पडत नाहीत.

नुसते किती वाजले, एवढ्याने भागत नाही

समजा, वेळ बरोबर काढली. तरी पलीकडचा माणूस मोकळा असेल असं नाही. आपल्या कोकणातले अनेक बेने इस्रायली लोक इस्रायलमध्ये जाऊन स्थायिक झाले. त्यांच्यातले आजी-आजोबा अजून मराठी बोलतात. तिथे शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू होतो, तो शनिवारी रात्रीपर्यंत. जे तो कडकपणे पाळतात, ते त्या काळात फोनला हातही लावत नाहीत. आणि रविवारी? रविवारी तिथे शाळा भरते! दुबईत २०२१ पर्यंत सरकारी कचेऱ्यांना शुक्रवार-शनिवार सुट्टी असे. २०२२ पासून ती शनिवार-रविवार झाली. शुक्रवारी अर्धा दिवस काम.

तारखेचा घोळ तर विचारूच नका. आमच्या शेजारचे काका परदेशी निघाले. तिकिटावर लिहिलेलं, १५ तारीख, वेळ ००.४०. काकांनी वाचलं, ‘पंधराला रात्री बारा चाळीस.’ पंधराच्या रात्री अख्खी चाळ हार घेऊन विमानतळावर. विमान आदल्याच रात्री उडालेलं! आपल्या बोलण्यात रात्र उजाडेपर्यंत संपत नाही, पण कॅलेंडरची तारीख बाराच्या ठोक्याला बदलते. ००.४० वाचलं की समजायचं, घरातून निघायचं ते आदल्या संध्याकाळी.

कुणी म्हणेल, फोनमध्ये जगभरची घड्याळं असतात, मग एवढी डोकेफोड कशाला? खरं आहे. पण आमच्या भाच्याच्या हातातही तोच फोन होता की!

त्याने नंतर कॅलेंडरवर मावशीसाठी लाल पेनाने दोन ओळी लिहून ठेवल्या : ‘उन्हाळा वजा ९॥, हिवाळा वजा १०॥’. दोन वर्षांनी बारावीचा निकाल लागला, पुन्हा दुपारी एकला. या वेळी गडी शहाणा झाला होता. संध्याकाळी पाचच्या आत मावशीला कुणीही फोन करायचा नाही, असं त्याने आजीलासुद्धा बजावलं. पेढे आले, वाटून झाले. फोन टेबलावर तसाच.

एक वाजून वीस मिनिटांनी तो आपोआप वाजला.

‘‘अरे, निकाल लागला ना? साडेतीनचा गजर लावून उठून बसलेय मी इथे. कुणी फोनच करेना!’’