दर्शन, स्पर्शन, प्रश्न आणि तुटणारी तार

२०२० सालच्या टाळेबंदीतील प्रसंग. उत्तन परिसरातील एक मासळीविक्रेत्या भगिनी माझ्या भाईंदर येथील चिकित्सालयाच्या जुन्या रुग्ण. वय साठीच्या घरात, मधुमेहाचा दीर्घ इतिहास. "डॉक्टर, जरासं लागलंय पायाला, बाकी काय नाय," असे त्यांनी फोनवर सांगितले. व्रण पाहिल्याशिवाय माझे समाधान होईना. नातवाने व्हिडिओ कॉल जोडला. परंतु पडद्यावर चित्र क्षणभर उमटे आणि गोठून जाई. छायाचित्रही पोहोचले नाही. वाहनांची सोय होऊन त्या प्रत्यक्ष आल्या, तोवर आठवडा उलटला होता व दुष्टव्रण खोलवर गेला होता. त्यांना तातडीने शल्यचिकित्सकांकडे पाठवावे लागले. पाय वाचला, एक बोट मात्र गेले.

आपल्या शास्त्राने दर्शन, स्पर्शन व प्रश्न अशी त्रिविध रोगिपरीक्षा सांगितली आहे. साध्या फोनवर केवळ प्रश्न साधतो. स्थिर ब्रॉडबँड जोडणी असेल तर दर्शनही घडते. जिव्हा, त्वचा, व्रणाचा वर्ण, शोथ, स्राव दिसू शकतो. स्पर्शनासाठी रुग्ण समोरच हवा, हे नाडी पाहणाऱ्या वैद्यास वेगळे सांगावयास नको. परंतु 'या रुग्णास आजच बोलावले पाहिजे' हा निर्णय पुष्कळदा दर्शनानेच होतो. एप्रिल २०२० मध्ये तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने आयुर्वेद, सिद्ध व युनानी चिकित्सकांसाठी दूरचिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे दिली. अनुमती मिळाली, तथापि अनुमतीने तार जोडली जात नाही.

तार जोडण्यासाठी शासनाचा निधी आहे आणि तो लहान नाही. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित सकल महसुलाचा ५ टक्के भाग सार्वत्रिक सेवा दायित्व निधीत जमा होत आला आहे. म्हणजे अंतिमतः तो आपणा ग्राहकांच्याच देयकांतून येतो. याच निधीतून सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना २०११ साली मंजूर झाली व पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम 'महानेट' नावाने झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमास मान्यता दिली. दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती सेवेसाठी सज्ज झाल्या आहेत. अर्थात, ग्रामपंचायतीपर्यंत फायबर जाणे आणि रुग्णाच्या घरात जोडणी येणे यांत, कपाटातील औषध व पोटात गेलेले औषध यांच्याइतकेच अंतर आहे.

आपल्या मीरा-भाईंदरची अडचण याहून निराळी आहे. २८ फेब्रुवारी २००२ रोजी येथे महानगरपालिका झाली. उत्तन, पाली, डोंगरी ही गावे आणि घोडबंदर मार्गावरील चेणे परिसरातील वनालगतचे आदिवासी पाडे तिच्या हद्दीत आहेत. येथे ग्रामपंचायत नाही. त्यामुळे ग्रामपंचायत हे एकक मानणारी योजना या वस्तीस मोजत नाही. दुसरीकडे खाजगी कंपनीचे लक्ष साहजिकच मीरा रोडच्या उंच इमारतींकडे, कारण एका जिन्यात तिला अनेक ग्राहक मिळतात. कागदावर शहर आणि व्यवहारात गाव, अशा वस्तीचा वाली कोण?

या प्रश्नाचे उत्तर आता कायद्यात सापडते. दूरसंचार अधिनियम, २०२३ ने जुन्या निधीस 'डिजिटल भारत निधी' हे नाव दिले आणि त्याच्या उद्दिष्टांत ग्रामीण व दुर्गम भागांसह सेवावंचित शहरी भागांचाही स्पष्ट समावेश केला. 'शहरी' हा एक शब्द आपल्यासाठी मोलाचा आहे. मात्र कायद्यातील शब्द आपणहून फलद्रूप होत नाही. कोणीतरी मागणी करावी लागते.

औषधी विक्रेत्या बंधुभगिनींसाठीही एक मार्ग खुला आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम-वाणी' योजनेनुसार दुकानदार स्वतःच्या जोडणीवरून सार्वजनिक वाय-फाय देऊ शकतो. त्यासाठी परवाना शुल्क नाही व दूरसंचार विभागाकडे नोंदणीही नाही. नोंदणीकृत संकलक संस्थेशी जोडून घ्यावे लागते. औषधालयाच्या बाकावर बसून एखादा रुग्ण वैद्यास आपली जिव्हा वा व्रण दाखवू शकला, तर ती सेवा औषध देण्याइतकीच महत्त्वाची ठरेल. अर्थात त्यासाठी दुकानापर्यंत भक्कम जोडणी हवी, म्हणजे मूळ मागणी उरतेच.

म्हणून सभासदांस विनंती आहे. पुढील तीन महिने प्रत्येकाने आपल्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा: रुग्णाची वस्ती कोणती, आणि तेथून व्हिडिओ कॉल टिकतो का? रुग्णाचे नाव लिहू नये. वस्तीचे पुरेसे आहे. या नोंदी एकत्र करून संघटनेने महानगरपालिका आयुक्त, जिल्हाधिकारी व दूरसंचार विभाग यांना निवेदन द्यावे. निदानावाचून चिकित्सा नाही, हे आपण नित्य सांगतो; आपल्या परिसराचे हे निदान आपल्याइतके घरोघर कोण करू शकेल?

त्या भगिनी आजही माझ्याकडे येतात. त्यांचा पाय तपासताना गोठलेले ते चित्र मला दरवेळी आठवते.